तीन नंबरची भिंत

४ तारीख, सोमवार

ही वही मी रडगाणं लिहायला आणलेली नाही, हे आधीच लिहून ठेवतो. मला लिहायची हौस नाही. शाळेत निबंधात कायम काठावर पास. पण खाणीच्या रजिस्टरात आमचे विद्वान साडू रोज वाट्टेल ते आकडे भरतायत. उद्या चौकशी बसली तर माझे खरे आकडे कुठेतरी असावेत म्हणून ही वही. वेळ आली की टेबलावर आपटता येईल.

तर पहिल्यापासून. गेल्या महिन्याच्या सतरा तारखेला खाणीच्या तिसऱ्या भागात आग लागली. कोळसा काढून झाल्यावर मागे जी पोकळी राहते, तिथला चुरा तापत गेला आणि पेटला. कुणी काडी लावावी लागत नाही, कोळसा आपला आपण तापतो. ही आग पाणी मारून विझत नाही, कारण ती आहे कुठे तेच दिसत नाही. तिची हवा तोडायची. आत जाणाऱ्या वाटेवर जाड भिंत घालायची आणि ती आत गुदमरून मरायची वाट बघायची. भिंती घालणं हे माझं काम. सत्तावीस वर्षं मी या खाणीत गवंडी आणि मग गवंड्यांचा मुकादम. तीन नंबरची भिंत मी घातली.

आत एक माणूस राहिला. माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, पहिल्या पाळीचा वायू तपासनीस. त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. जेवायला बोलवा, कामाला बोलवा, उत्तर एकच, ‘आलोच!’ आणि मग साहेबांचा पत्ता नाही. अख्खी खाण त्याला आलोच म्हणायची. त्याची आई लवकर गेली, बायकोनेच त्याला वाढवला. मी लग्न करून तिला घरी आणली तेव्हा सातवीतला आलोच दप्तरासकट बरोबर आला, तो गेल्या महिन्यापर्यंत आमच्या मागच्या खोलीत होता.

तो नाही म्हणून पहिल्या पाळीची तपासणी माझ्या गळ्यात. पूर्वी मी ती परीक्षा पास झालो होतो, ते साहेबांच्या बरं लक्षात राहिलं. भिंतीतून एक लोखंडी नळी आत गेली आहे, तिला कॉक. कॉक उघडायचा, हातपंपाने आतली हवा काचेच्या कांडीतून ओढायची. कांडी जितकी काळी होते तितका सीओ. सीओ म्हणजे जळत्या कोळशाचा विषारी वायू. आकडा खाली येत गेला की आग मरते आहे असं समजायचं.

आज सकाळी साडेसातला माझा आकडा अठ्ठावीस. दुपारी साडेतीनला त्याच नळीतून साडूचा आकडा सहाशे चाळीस. आठ तासांत आग मेली आणि पुन्हा जन्माला आली की काय?

५ तारीख, मंगळवार

सव्वीस.

बायको माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण माझ्याशी नाही. ‘ज्याला जेवायचं असेल त्याने ताट घ्यावं.’ ‘पंखा बंद करून कुणाचे हात झिजणार नसतील तर करावा.’ सतरा तारखेपासून मी माझ्या घरात ‘ज्याला’ आणि ‘कुणाचे’ झालोय. दिवसाचा एकच प्रश्न येतो, तोही कपाटाकडे बघून. ‘आज किती?’

‘वीस,’ म्हणालो. सहाच तर कमी केले. तिला बरं वाटावं म्हणून.

तिच्या मते मी तिच्या भावाला विटांनी बुजवला. हे ती एकदाच बोलली, त्याच दिवशी, अंगणात, सगळ्या शेजाऱ्यांदेखत. बुजवला हे खरंच आहे. आता मला त्याला बाहेर काढायचंय. जे काही उरलं असेल ते तिच्या स्वाधीन करायचं, म्हणजे हे एकदाचं संपेल. सलग पंधरा दिवस आकडा पन्नासच्या खाली राहिला तर भिंत फोडू, असं मॅनेजर साहेब म्हणालेत. माझे आकडे खालीच आहेत. आडवा येतोय तो फक्त साडू, आणि तो परका असता तर मी समजून घेतलं असतं.

७ तारीख, गुरुवार

आज टोपीचे दिवे मिळतात त्या खोलीत साडूने गाठलं. पाळी बदलायची वेळ, चाळीस माणसं कान टवकारून उभी. साडू म्हणजे मेव्हणीचा नवरा, दुसऱ्या पाळीचा वायू तपासनीस आणि वर बचाव पथकाचा प्रमुख. तिन्ही पदव्या तोंडावर घेऊन फिरतो.

‘दादा, सकाळी प्राणवायू मोजता का?’

‘कांडीत सीओ दिसतो. मला तेवढा पुरतो.’

‘माझं यंत्र घेऊन जा ना. त्यात दोन्ही दिसतं. सकाळी आतला प्राणवायू बाहेरच्याइतकाच निघाला, तर तुम्ही आगीची हवा मोजतच नाही आहात. बाहेरून शिरलेली मोजताय.’

‘बाहेरून शिरली कुठून?’

तो आवाज खाली आणून म्हणाला, ‘सकाळी हवेचा दाब चढत असतो, दादा. तेव्हा भिंत आत श्वास घेते. दुपारी दाब उतरला की बाहेर सोडते. तुमची वेळ नेमकी आत घेण्याची आहे. नळीपुढे दोरा टांगून बघा एकदा.’

बघा म्हणजे कसं! मी खाणीत लागलो तेव्हा हा पाटी-पेन्सिल खात होता, आणि मला श्वास शिकवतो. भिंती श्वास घेतात हे मला माहीत नाही? घेतात. पाट्या टाकणाऱ्या गवंड्यांनी घातलेल्या घेतात. दोन नंबरची घेते, ती माझी नाही. मी सगळ्यांसमोर सांगितलं, ‘माझी भिंत श्वास घेत नाही.’

‘बरं,’ म्हणाला. ते ‘बरं’ दिवसभर डोक्यात गेलंय. भांडला असता तर परवडलं असतं.

यंत्र घेतलं नाही. त्याच्या हातचं काही नको.

८ तारीख, शुक्रवार

चोवीस. आसपास कुणी नाही असं बघून दोरा टांगला. कॉक उघडला की दोरा नळीत ओढला जातो. अर्थ सरळ आहे. आत गार होतंय, गार झाली की हवा आकसते, म्हणून ओढ. आग मरते आहे. साडूला हे सांगणार नाही, तो यातूनही काहीतरी भलतं काढेल.

११ तारीख, सोमवार

वीस. ‘आज किती?’ ‘चौदा.’

बायकोने आज मागची खोली झाडली. त्याचे बूट पुसून दाराशी ठेवले. मी म्हणालो, बूट कशाला? तर कपाटाला उत्तर मिळालं, ‘ज्याला कळत नाही त्याने विचारू नये.’

१२ तारीख, मंगळवार

साहेबांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. रजिस्टर उघडं. सकाळी एकोणीस, आदल्या दुपारी सातशे दहा. सकाळी वीस, आदल्या दुपारी सहाशे नव्वद. साहेब म्हणाले, ‘तुम्ही दोघे एकाच खाणीत उतरता ना?’

मी म्हणालो, यंत्र बिघडलंय. साडू म्हणाला, मग तपासायला पाठवा. साहेब म्हणाले, यायला तीन आठवडे लागतील. साडू म्हणाला, काल कांडीनेही केलं. तीही काळी. मी म्हणालो, पंप जास्त वेळा मारला असेल.

तिसरा भाग बंद म्हणजे अर्धी खाण बंद. साहेबांना वरून रोज फोन येतात. त्यांना कुठला आकडा गोड लागतो हे सांगायला ज्योतिषी नको. ‘मुकादम जुना माणूस आहे,’ म्हणाले, ‘आणि भिंत त्याची आहे. सकाळचा आकडा धरू.’

जिंकलो! ऑफिसातून बाहेर पडताना छाती दोन इंच वर होती. साडू जिन्यात म्हणाला, ‘दादा, एकदा दुपारी माझ्याबरोबर चला. एकदाच. नंतर मी तोंड उघडणार नाही.’

‘माझी पाळी दोनला संपते,’ म्हणालो आणि उतरलो.

एका गोष्टीचं नवल वाटलं. साहेबांसमोर त्याने भिंतीबद्दल चकार शब्द काढला नाही. दाब, वेळ, कांडी, सगळं बोलला. भिंत गळते असं नाही बोलला. एवढं शिकलेला माणूस, पण धीर झाला नसणार.

१४ तारीख, गुरुवार

अठरा.

माझ्या हाताखाली एक बहिरा गवंडी आहे. वीस वर्षं ड्रिल मशीनमागे काढली, कान गेले, मग मी त्याला विटांवर घेतला. हाडाचा कारागीर. पण बहिऱ्या माणसाचं एक असतं, स्वतःचा आवाज त्याला कळत नाही. तो कुजबुजला तरी तीन खोल्यांत ऐकू जातं.

तर हा आज कॅन्टीनमध्ये समोर येऊन बसला आणि कुजबुजला, ‘मुकादम, शनिवारी नाही तर पुढच्या शनिवारी फोडणार म्हणतात! डाव्या बाजूचं सांगायचं का साहेबांना?’

हाताने गप्प बस म्हटलं. त्याला वाटलं, मोठ्याने बोल. ‘डाव्या बाजूचं हो! खाचेचं!’ मी त्याच्या तोंडापुढे पाण्याचा पेला धरला तेव्हा कुठे थांबला.

साडू दोन टेबलं सोडून बसला होता. ताट अर्धं टाकून उठून गेला. बरं झालं. ऐकलं नसावं.

१८ तारीख, सोमवार

सतरा. पंधरा दिवस पूर्ण झाले.

साहेबांनी कागद काढला. शनिवारी, तेवीस तारखेला, सकाळी नऊला तीन नंबरची भिंत फोडायची. मी वीट काढून वाट करणार, मग पाठीवर हवेची नळकांडी लावून सहा माणसं आत. सगळ्यात पुढे पथकाचा प्रमुख, म्हणजे आमचे साडू. कागद वाचून त्याचं तोंड उतरलं. मी मनात म्हटलं, आता कळलं, इतके दिवस आकडे का फुगवत होतास! आत जायची भीती. सरळ सांगायचं होतं.

घरी येऊन म्हणालो, ‘शनिवारी आणतो त्याला.’ नाव घेतलं नाही, गरज नव्हती. बायको हातातलं काम टाकून मागच्या खोलीत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती डोळे पुसूनच आली, आणि माझ्या ताटात न मागता दुसऱ्यांदा भाजी वाढली. महिन्यात पहिल्यांदा. मला जेवण गेलं नाही, पण संपवलं.

१९ तारीख, मंगळवार

सतरा.

आज लिहून टाकतो, नाहीतर डोकं फुटेल. ही वही आता कुणाच्या टेबलावर आपटता येणार नाही, हे मला कळतंय.

त्या दिवशी धूर सुटला तेव्हा सगळे बाहेर आले, आलोच सोडून. तो अगदी आतल्या टोकाला वायू तपासायला गेला होता. सव्वादहाला आतल्या फोनवरून त्याचा आवाज आला. फोन मी घेतला. ‘धूर आहे, आहे तसा निघ,’ म्हटलं. म्हणाला, ‘आलोच.’

साहेबांचा हुकूम होता की अकराच्या ठोक्याला भिंत बंद. त्यापुढे आतला वायू स्फोटाच्या टप्प्याला येणार होता, आणि झाला असता तर जवळपास असेल त्याचं काही खरं नव्हतं. मी भिंत उजवीकडून उचलत आणली आणि डावीकडे माणूस निघेल एवढी वाट ठेवली. अकरा वाजले. गवंड्यांना वर पिटाळलं. बहिरा हलेना. मी कानात ओरडलो तरी म्हणतो, ऐकू आलं नाही. दोघं त्या वाटेशी थांबलो. साहेबांचा फोन दोनदा वाजला, मी उचलला नाही. अकरा चाळीसला वाट बंद केली. रजिस्टरात लिहिलं, अकरा.

आता भिंतीचं. भिंतीची कड बाजूच्या कोळशात दोन फूट खोल खाच खणून आत घुसवावी लागते. नाहीतर कोळशाला भेगा असतात, त्यांतून हवा वळसा घालून जाते. उजवीकडे खाच आहे, वर आहे, खाली आहे. डावीकडे नाही. तेवढा वेळ राहिलाच नव्हता. विटा नुसत्या कोळशाला टेकवल्या आणि वरून सिमेंट थापलं. बघणाऱ्याला अशी सुरेख भिंत शोधून सापडणार नाही.

हे सांगायचं कुणाला? थांबलो हे सांगितलं की भिंत कशी घातली तेही सांगावं लागतं. सत्तावीस वर्षांत माझ्या भिंतीला कुणी नाव ठेवलेलं नाही. बायकोला तरी सांगायचं, तर ती म्हणणार, महिनाभर का नाही बोललात. आणि मी म्हणतो, आकडे खाली आहेत ना? धरली ना भिंतीने? खाच नसली तरी सिमेंट चांगलं चार बोटं जाड आहे.

जाड आहे. मीच थापलंय.

२१ तारीख, गुरुवार

सोळा.

संध्याकाळी मेव्हणी आली. साडूची बायको, पण तिचा माझा कधी वाकडा शब्द नाही. लग्नात माझे बूट पळवून मला रडवलेली पोर ती. आज उंबऱ्यातच उभी राहिली.

‘भाऊजी, एक विचारू? हे चार दिवस धड जेवत नाहीत. विचारलं तर म्हणतात, काही नाही. काल बसून कसलातरी अर्ज लिहीत होते. मी आले तर घडी घालून खिशात टाकला.’

‘कामाचा असेल.’

‘शनिवारी हेच पुढे जाणार ना?’

‘हो.’

‘तुमची भिंत आहे, तुमचे आकडे आहेत, म्हणून मी ताईजवळ काही बोलले नाही. तिचा जीव तिकडे अडकलाय. पण तुम्ही एकदा तोंडाने सांगा. तुम्ही सांगितलंत की मी बिनघोर.’

बायको ओट्याशी पाठमोरी होती. तिचे हात थांबले.

‘बिनघोर राहा,’ मी म्हणालो.

मेव्हणी हसली, ‘झालं तर मग,’ म्हणाली आणि गेली. बायको वळली आणि महिन्याभरात पहिल्यांदा तिने सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. काय शोधत होती कुणास ठाऊक. मी पेपर उघडला.



२२ तारीख, शुक्रवार

दोनला पाळी संपली आणि मी वर आलो नाही. का आलो नाही ते विचारू नका. बहिऱ्याला खूण केली, तू जा. तीन नंबरच्या भिंतीसमोर उलटी पाटी टाकून बसलो. बिनघोर, बिनघोर, बिनघोर. दुसरं काही डोक्यात येईना. सकाळचा आकडा पंधरा होता. इतका सुंदर आकडा आणि मला घाम फुटलेला.

साडेतीनला साडू आला. मला तिथे बघून त्याने ‘तुम्ही इथे?’ असंसुद्धा विचारलं नाही. खिशातून दोरा काढला, नळीपुढे टांगला, कॉक उघडला.

दोरा आमच्याकडे आडवा झाला आणि तसाच थरथरत राहिला. मी हात पुढे केला. नळीतून येणारी हवा कोमट होती, दमट, तिला जुन्या तेलाचा वास. तो वास मला माहीत आहे. कोळसा जळायला लागला की येतो.

साडूने यंत्र धरलं. सीओ तेराशे. प्राणवायू सतरा टक्के.

एवढ्या दिवसांत तो दोन-तीनवर यायला हवा होता. त्यावर आग जगत नाही. सतरावर ती मजेत जगते.

मग त्याने खडूच्या भुकटीची पुडी काढली. उजव्या कडेने भुकटी सोडली, ती सरळ खाली पडली. वरच्या कडेने सोडली, तीही खाली. डाव्या कडेने सोडली, तर छतापासून जमिनीपर्यंत सगळी भुकटी आमच्या अंगावर उडाली. एकही वीट हललेली नव्हती, सिमेंटला चरा नव्हता. हवा विटांच्या पलीकडून, कोळशातून येत होती. जिथे खाच हवी होती तिथून. सकाळी तिथूनच आत जात होती. एक महिना मी त्या आगीला रोज सकाळी ताजी हवा पाजली, आणि वर तीच हवा मोजून घरी खुशाली सांगितली.

‘बहिऱ्याचं बोलणं मी ऐकलं होतं, दादा,’ साडू म्हणाला. ‘त्याआधीही शंका होतीच.’

‘आठवडा झाला त्याला! साहेबांना का नाही सांगितलंस?’

‘तुम्ही सांगाल म्हणून थांबलो.’

‘आणि मी नसतं सांगितलं तर? उद्या तू पहिला आत जाणार होतास, गाढवा! फोडल्या फोडल्या भडका उडाला असता. तू, ते पाच जण, मी, सगळे!’

‘नसतं सांगितलं तर आज पाळी सुटल्यावर मी जाणार होतो.’ त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. ‘अर्ज लिहून ठेवलाय. वाचता?’

नको म्हणालो. इतका राग आला मला त्याचा, की काय सांगू. त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि पाय धरावेसे वाटले. दोन्ही केलं नाही. कॉक बंद केला आणि म्हणालो, ‘तो फाड. मी जातो.’

साहेबांना सगळं सांगितलं. वाट, चाळीस मिनिटं, खाच, रजिस्टरातली वेळ. शेवटी म्हणाले, ‘उद्या सात माणसं गेली असती.’ मी हो म्हणालो. ‘सकाळचा आकडा मीही धरला,’ म्हणाले, ते मला नाही, खिडकीला. मग खेकसले, ‘तू निलंबित! पण आधी दुसरी भिंत घाल, दहा पावलं अलीकडे, चारी बाजूंना खाच. तुझ्याशिवाय ती कुणाला येत नाही हे माझं नशीब. ती झाली की घरी बस.’ दोन भिंतींच्या मध्ये राखेचा चिखल भरणार. तिसरा भाग निदान चार वर्षं उघडणार नाही. बहुधा कधीच नाही.

सहाला घरी आलो. पलंगावर नवी कोरी चादर घडी घालून ठेवलेली. शेजारी त्याचा शर्ट, इस्त्री केलेला. उभ्यानेच म्हणालो, ‘उद्या उघडणार नाही. आग जिवंत आहे. माझी भिंत गळते.’

‘का गळते?’ कपाटाला नाही, मला विचारलं.

सांगितलं सगळं. फोनवर तो काय म्हणाला, अकरा कसे वाजले, बहिरा कसा हलेना, वाट कशी उघडी ठेवली. ती रडली नाही, खाली बसली नाही. खोटं कशाला लिहू, चाळीस मिनिटं थांबलो हे ऐकून तिचं तोंड जरा निवळेल अशी मला आशा होती. निम्मं तर मी त्यासाठीच सांगत होतो.

‘चाळीस मिनिटं थांबलात.’

‘हो.’

‘एक्केचाळीस का नाही?’

साहेबांचा हुकूम जिभेवर आला. स्फोट आला. बहिऱ्याची चार मुलं आली. ती बघत होती.

‘भीती वाटली,’ म्हणालो. ‘माझ्याच जिवाची.’

तिने शर्ट उचलला, चादरीच्या घडीत ठेवला आणि चादर छातीशी धरली.

‘हे ऐकून मला बरं वाटेल असं समजू नका तुम्ही.’

‘नाही समजत.’

‘धाकटीला मी सांगून येते. तुमच्या तोंडून बिनघोर ऐकलंय तिने. आता तुमच्या तोंडचं काही नको.’ चपला पायांत सरकवल्या आणि ती तशीच, चादर घेऊन, बाहेर पडली.

आठ वाजले, अजून आलेली नाही. मला सकाळी सहाला खाच खणायला घ्यायची आहे.